जवा सतरावं, तवा तवा

२९ डिसेंबर २०२४, रविवार

गोल्फ क्लबची समिती बसली. चहा दोनदा, कांदाभजी एकदा. वार्षिक स्पर्धेचं जेवणखातं माझ्या गळ्यात पडलं. गेल्या वर्षी सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो होतो, त्याची ही शिक्षा.

गेल्या वर्षीचं थोडं लिहून ठेवतो. जेवण ठेक्यानं दिलं होतं. 'बारा वाजता खेळ संपणार' असं सांगितल्यामुळे त्या माणसानं अकरालाच सुरमई तळायला घेतली. त्याचं काही चुकलं नाही. शेवटचा गट पावणेदोनला आत आला. तोवर तुकड्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून वाफ धरून बसलेल्या. रव्याचं कवच आंघोळीच्या साबणासारखं निसटत होतं आणि आतला मासा चामड्याच्या पट्ट्यासारखा. कोल्हापुरी चपलेला लावला असता तर टिकला असता. खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी पोरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांना भात आणि रस्सा.

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एखादा लॉट रिजेक्ट होऊन आला की आम्ही वितळलेल्या धातूची कुठली खेप (हीट), वाळूत ओल किती, ओतताना तापमान किती, हे सगळं लिहून काढतो. शिव्या नंतर. म्हणून ही वही.

तारीख. २ फेब्रुवारीला निम्म्यांच्या घरी लग्नं. १६ ला संकष्टी. २३ ला दुबईत भारत-पाकिस्तान, तेव्हा मैदानावर मी, मैदान राखणारे मामा आणि कुत्री एवढेच असतो. राहिली ९ फेब्रुवारी, रविवार. ठरली.

५ जानेवारी, रविवार

खेळ कसा घ्यायचा यावर दोन तास. आमचं मैदान नऊ होलांचं, तेच दोनदा फिरायचं, म्हणजे अठरा होल. शॉटगन स्टार्ट घ्यायची म्हणजे भोंगा वाजला की सगळे एकदम सुरू, प्रत्येक होलवर दोन गट, गटात चौघं. ९ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ७२. एकही जास्त नाही. त्र्याहत्तराव्याचा फोन आला तर मी बाहेरगावी आहे.

बापूंना स्ट्रोक प्ले पाहिजे. 'एकेक फटका मोजायचा, त्यात मर्दानगी.' बापूंनी गेल्या वर्षी सहाव्या होलवर एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, नऊ फटके मारले होते. मागे दोन गट हात कमरेवर ठेवून उभे, आणि तिकडं तव्यावर सुरमई. मी एवढंच विचारलं की ते नऊ फटके मर्दानगीच्या खात्यात लावायचे की माझ्या. शेवटी स्टेबलफर्ड ठरलं. पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके, तेवढ्यात काढलं तर २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, दोन कमी तर ४. पारपेक्षा दोन किंवा त्याहून जास्त लागले की शून्य, म्हणजे चेंडू उचलायचा आणि पुढं चालायचं. हँडिकॅपचे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे, फटके त्या त्या होलवर आधी वजा होतातच. ही पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लंडमधल्या एका सर्जननं काढली, आणि १९३२ मध्ये वॉलसीच्या क्लबात ती रीतसर खेळली गेली. एका होलवर घसरलेल्या माणसाचा अख्खा दिवस वाया जाऊ नये, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू. माझ्या दृष्टीनं त्यानं मासे वाचवले.

हरवलेला चेंडू ३ मिनिटंच शोधायचा. २०१९ च्या आधी ५ मिनिटं होती, आणि आमच्यातले काहीजण अजून २०१८ मध्येच आहेत. नोटीस मोठ्या अक्षरात लावायची.

९ जानेवारी, गुरुवार

आज मेनू. गुरुवार असल्यामुळे निम्मी समिती शाकाहारी पोटानं मासळीवर बोलत होती. तशी बोलणी फार लांबतात.

अण्णांचं म्हणणं, कोल्हापुरात पंगत बसवायची आणि तांबडा-पांढरा नाही, तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक मटण रोज खातात. त्यावर अण्णा, 'मग माशाचा तांबडा करा.' त्यांना म्हणायचं होतं कांदा-लसूण चटणी घालून. आता ही चटणी मलाही जीव की प्राण आहे, पण ती बांगड्यात पडली की बांगडा संपला. उरते ती चटणी. बांगड्याला तिरफळ लागतं. हलकं ठेचून घालायचं, वास उतरू द्यायचा, खाताना बाजूला काढायचं. गेल्या वर्षी एकानं वेलदोडा समजून ते चावलं होतं आणि बक्षीस समारंभभर त्याची जीभ बधिर होती. भाषण त्याचंच होतं. सगळ्यांना बरं वाटलं.

ठरलं असं: सुरमई तव्यावर, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, कोळंबीचं सुकं, भात, तांदळाची आणि ज्वारीची दोन्ही भाकरी, सोलकढी. जोडीला अख्खा मसूर आणि वांगं. अण्णांच्या समाधानासाठी चटणी वाटीतून वेगळी. ज्याला घालायची त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घालावी.

माणसं: खेळाडू ७२, घरची ७०, कॅडी ४४, मैदानावरचे आणि स्वयंपाकातले २४. बेरीज २१०. कॅडी बेरजेत धरले म्हणून एकानं भुवया उंचावल्या. वर लिहिलेला भात-रस्सा त्याला वाचून दाखवला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम शून्य. तिळगूळ घ्यायला आलेल्या तिघांनी 'आमचं नाव घातलंय ना?' असं विचारलं. तिघांनीही फी दिलेली नाही.

१९ जानेवारी, रविवार

रत्नागिरी. करूळ घाट कामासाठी बंद आहे, त्यामुळे मालवणकडून माल आणायचा विचार सोडला. आंबा घाटातून खाली उतरलो. रस्त्याचं चौपदरीकरण चालू, जागोजाग वळवलेलं. जाताना साडेतीन तास, येताना पावणेचार. रिकाम्या गाडीला एवढा वेळ लागला, हे लक्षात ठेवायचं.

मिरकरवाड्याला पहाटे पोचलो. बंदर बघायचं तर अंधारातच बघावं. लाँच लागताहेत, टोपल्या उतरताहेत, आणि लिलाव इतका भराभर की मला आकडा ऐकू येईस्तोवर मासा दुसऱ्याचा झालेला. आमच्याकडं शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, ते यापुढं कीर्तनासारखे संथ वाटले. एका व्यापाऱ्याशी बोललो. त्यानं सुरमईचं गालफड बोटानं उघडून दाखवलं. आत कल्ला लालभडक. मग माझा अंगठा धरून पाठीवर दाबला. खळगा पडला आणि लगेच भरून आला. 'खळगा राहिला तर घेऊ नका, माझ्याकडनंसुद्धा.' हे वाक्य मला आवडलं.

त्याला ९ तारीख सांगितली. त्यानं मनात हिशेब केला आणि म्हणाला, पौर्णिमा जवळ येते. चांदण्यात मासळी जाळ्याला कमी लागते, ६० किलो सुरमई मिळेलच असं लिहून देणार नाही. ८ ला दुपारी जी असेल ती भरतो. मी १ जूनपासूनची दोन महिन्यांची मासेमारी बंदी लक्षात ठेवून फेब्रुवारी सुरक्षित धरला होता. चंद्र धरला नव्हता.

बर्फ: मासा जेवढा, तेवढाच बर्फ वजनानं. खाली थर, मध्ये थर, वर थर. क्रेटच्या तळाला पाणी निथळायला भोक. तो म्हणाला, 'बर्फाच्या पाण्यात मासा पोहत आला तर बर्फ घातला काय, न घातला काय.'

येताना आंब्याच्या वर चहा. घाटात धुकं, खाली कोकण दिसत नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

मोठा घोटाळा सापडला. बरं झालं, आज सापडला.

मासे साफ करायला आक्का येणार. इथल्या बाजारात तीस वर्षं बसतात, सोबत तीन बायका आणतात. त्यांच्या हातातली कोयती बघितली की आमच्या पॅटर्नशॉपमधला करवतवाला लाजेल. ॲडव्हान्स द्यायला गेलो तर बाजारातली जागा रिकामी. घरी गेलो. आक्का साबुदाणा निवडत बसलेल्या.

'आज एकादशी न्हवं का सायेब. एकादशीला मी मासळीला हात लावत न्हाई. माळ घातली न्हाई, पर एवढं एक पाळती.'

मी म्हटलं, बरोबर आहे. ॲडव्हान्स दिला. चहा घेतला. उठता उठता माझ्याच डोक्यात ट्यूब पेटली. भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं. आजपासून चौदा दिवसांनी, शनिवार ८ फेब्रुवारी, जया एकादशी. आणि आमचा बेत काय? ८ ला संध्याकाळी मासा उतरवायचा, रात्रीत कापून मीठ-हळद लावून ठेवायचा.

समितीत आठजण. आठांनी तारीख बघितली, संकष्टी बघितली, क्रिकेट बघितलं. आदला दिवस कुणी बघितला नाही.

आक्कांना विचारलं, तिथी रात्री सव्वाआठला संपतेय, त्यानंतर? त्या हसल्या. 'ते तुमचं घड्याळ. माझी एकादशी झोपून उठल्याबिगर संपत न्हाई. पहाटं दिवा लावती आन साडेचारला येती. किती किलो म्हणालासा?' साठ. 'मग धा वाजायच्या आत देती. पर एक सांगा, मासा कवा तळणार?'

मी सगळं सांगितलं. अठरा होल, शॉटगन, मागचा गट. त्यांनी अर्ध्यातच हात केला. 'म्हंजी शेवटची माणसं सतराव्याला आली की तुमी तवा पेटवायचा. जवा सतरावं, तवा तवा.'

समितीनं तीन बैठकांत जे ठरवलं नाही ते साबुदाणा निवडता निवडता झालं. वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून घेतलं.

आणि खरं सांगायचं तर एकादशीनं माझं कामच केलं. कापलेल्या तुकड्या रात्रभर मिठात ठेवल्या असत्या तर पाणी सुटून भुसभुशीत झाल्या असत्या. सबंध मासा बर्फात रात्र काढतो, ते केव्हाही बरं.

२८ जानेवारी, मंगळवार

पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांच्या बातम्या रोज आहेत. पाण्यावर संशय आहे म्हणतात. क्लबच्या टाकीतलं पाणी प्यायला अजिबात द्यायचं नाही. सोलकढीचं पाणी उकळून गार केलेलं. बर्फ दोन जातीचा आणायचा, माशाचा वेगळा, प्यायचा वेगळा, आणि दोन्हीची पिंपं दोन रंगांची. डॉक्टर सभासदांनी 'अगदी बरोबर' म्हणून पाठ थोपटली. मग विचारलं, व्हिस्कीत कुठला?

थर्मामीटर घेतला. फाउंड्रीत १४०० अंश मोजायचं यंत्र आहे, २ अंश मोजायचं नाही. सळीसारखा असतो, माशाच्या पोटात खुपसायचा. बांगडा-सुरमईच्या जातीत मासा उबेत राहिला की हिस्टामीन तयार होतं. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. आणि एकदा झालेलं हिस्टामीन शिजवून, तळून, कशानंही जात नाही. म्हणजे स्वयंपाक्याच्या हातात काहीच नाही, सगळं बर्फवाल्याच्या हातात.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणेश जयंती. सकाळी सहाला ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीचं कापलेलं गवत राखणारे, मामा घाबरे होऊन फोनवर. 'सायेब, सातव्या ग्रीनवर बायका बसल्यात.'

गेलो. खरंच सहा-सात बायका, पदरात जुड्या. आमचं सगळं मैदान हरळीचं. हरळी म्हणजेच दूर्वा, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. आपण जिच्यावर दर महिन्याला पाण्याचं आणि कापणीचं बिल भरतो, तीच गणपतीला एकवीस-एकवीस जाते. मात्र ग्रीनवरची कापून कापून नखाएवढी झालेली, तिची जुडी कुठून बांधणार? मामांनी त्यांना नमस्कार करून रफमध्ये, म्हणजे कडेच्या न कापलेल्या गवतात, नेलं, तिथं वीतभर वाढलेली होती. दोघांचंही भलं झालं. रफ थोडी कमी झाली तर चेंडू लवकर सापडतील.

२ फेब्रुवारी, रविवार

तव्याची चाचणी. ज्यांच्या घरी लग्न नव्हतं असे चौघं आले. बाजारातून ४ किलोची एक सुरमई घेतली. आक्कांनी बोटाच्या जाडीच्या तुकड्या केल्या. डोकं आणि शेपूट कालवणाला.

मोठ्या तव्यावर १४ तुकड्या बसतात. त्याहून जास्त ठेवल्या तर तेल थंड होतं आणि मासा तळला न जाता शिजतो. एका बाजूला चार मिनिटं, उलटून चार, काढायला एक. नऊ मिनिटं. पाच तवे, म्हणजे नऊ मिनिटांत ७०. तीन फेऱ्यांत २१०, सत्तावीस मिनिटं. पहिलं ताट आणि शेवटचं ताट यांत वीस मिनिटांचंही अंतर नाही, आणि सगळ्यांना गरम. कागदावर छान दिसतं.

मसाला लावून अर्धा तासच ठेवायचा. एक तास ठेवलेल्या तुकडीला रवा नीट बसला नाही, ओली झाली होती. म्हणजे शेवटचा गट त्यांच्या पंधराव्या होलवर पोचला की मसाला, सतराव्यावर पोचला की जाळ. पंधरावं म्हणजे त्यांनी खेळलेलं पंधरावं. शॉटगनमध्ये प्रत्येकाचा पहिला होल वेगळा, त्यामुळे पाटीवरचा आकडा बघून चालायचं नाही. हे स्वयंपाकाकडच्या मुलाला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यानं मला सांगितलं.

चाचणीतल्या तुकड्या चौघांत संपल्या. शास्त्रासाठी.

५ फेब्रुवारी, बुधवार

गट पाडले. या दिवसाबद्दल कमीच लिहितो. कुणाला कुणाबरोबर खेळायचं नाही याची यादी काढली तर तो कोल्हापूरच्या गेल्या वीस वर्षांच्या राजकारणाचा इतिहास होईल. हँडिकॅपवरून तीन तक्रारी. तिन्ही दुसऱ्याच्या हँडिकॅपबद्दल, स्वतःचा सगळ्यांना योग्य वाटतो.

सगळ्यात सावकाश गट कुठला, हे मात्र एकमतानं ठरलं: बापू, अण्णा आणि दोन निवृत्त प्राध्यापक. त्यांच्यामागे एक चुणचुणीत कॅडी मोबाईल घेऊन. पंधराव्याला एक मिस्ड कॉल, सतराव्याला दोन. बापूंना सांगायचं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मामांनी नवे होल पाडले. कटर फिरवून मातीचा गड्डा सबंध उचलायचा, जुन्या होलात बसवायचा, काठावर पाणी शिंपून तळव्यानं दाबायचा. होलची रुंदी जगभर १०८ मिलिमीटर. मामांना मिलिमीटरशी देणंघेणं नाही, पण जुना गड्डा त्यांनी कुठं बसवला ते मला गुडघ्यावर बसूनही दिसेना. पाचव्या ग्रीनवर पिन, म्हणजे होलातली झेंड्याची काठी, त्यांनी उताराच्या पोटात लावली आहे. विचारलं तर म्हणाले, 'जरा बगू दे की, कोण खेळतंय आन कोण नुसतं मारतंय.'

गदा आली. आमच्याकडं कप देत नाहीत. कुस्तीचं खासबाग मैदान असलेल्या गावात पहिल्या नंबरला कप काय द्यायचा? हुपरीच्या कारागिरानं चांदीचा मुलामा दिलाय. वजन चांगलंच. गोल्फवाले एरवी खांद्यावर फार काही घेत नाहीत, तो भार कॅडीच्या खांद्यावर.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी तीनला मिरकरवाड्याहून गाडी निघाली. साडेसातला यायला हवी होती. साखरप्याच्या पुढं रस्त्याच्या कामात एक ट्रेलर आडवा झाला होता. गाडी अडीच तास जागेवर. ड्रायव्हरला दर अर्ध्या तासानं फोन करून फायदा काहीच नव्हता, तरी केला.

रात्री साडेदहाला क्लबच्या मागं गाडी लागली. सुरमई ६० नाही, ४८ किलो. चंद्रानं १२ किलो ठेवून घेतली. थर्मामीटर खुपसला: २ अंश. दुसरा क्रेट २, तिसरा ३. कोळंबी २. बांगड्याचे दोन क्रेट, १५-१५ किलोचे. पहिला ३.

दुसरा १४.

परत खुपसला, दुसऱ्या बांगड्यात. १४. वरती बर्फाचा पातळ थर होता, खाली नुसतं पाणी. तळाचं भोक प्लास्टिकच्या पिशवीनं बुजलेलं. अंगठ्यानं दाबलं, खळगा तसाच राहिला. भरणाऱ्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला, 'तळून टाका साहेब, काय होत नाही.' दाबून दाखवणारा तो व्यापारी वेगळा, भरणारा वेगळा. माझी चूक ही, की भरताना तिथं आमचा माणूस नव्हता.

रात्री अकराला समितीतले तिघं त्या क्रेटभोवती उभे. एकजण म्हणाला, वास तर येत नाही. मी म्हटलं, हिस्टामीनला वास नसतो. दुसरा म्हणाला, कॅडी लोकांच्या कालवणात घालू, त्यांना चालतं.

मी वहीत शिव्या लिहीत नाही. १५ किलो बांगडा मामांनी रात्रीच नारळाच्या दोन झाडांच्या आळ्यांत खोल पुरला. वर दगड, कुत्र्यांसाठी.

उरलेलं सगळं पुन्हा नव्या बर्फात भरलं. घरी साडेबाराला. बायको म्हणाली, अंगाला बंदराचा वास येतोय. छान वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

४.३०. आक्का आल्या. कपाळावर बुक्का. टॉर्च घेऊन प्रत्येक माशाचं गालफड बघितलं, मगच पदर खोचला.

५.१५. ४८ किलोतून तुकड्या ३३६ निघतील असा अंदाज. २१० माणसांना दोन-दोन नाही पुरत. एक सभासद, 'तुकड्या पातळ करा.' आक्का, 'पातळ केलं की पापड व्हतोय.' दुसरी सूचना: खेळाडूंना दोन, कॅडींना बांगडा. मी निर्णय दिला. पहिल्या ताटात प्रत्येकाला एक, २१० च्या २१० जणांना, एकाच पंगतीत. उरलेल्या १२६ दुसऱ्या वाढपाला, संपेपर्यंत. जेवणखातं माझं आहे तोवर हेच. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं घ्यावं, मी टाळ्या वाजवीन.

७.१५. भोंगा. ऊन नुकतं आलेलं, ग्रीनवर दव. पहिल्या पटमागं, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्यामागं, ओली रेघ उमटते, चेंडू कुठून वळला ते गवतावर लिहिलेलं राहतं. थोडा वेळ मासे विसरून तेच बघत उभा होतो.

९.३५. बहुतेक गटांचा पहिला फेरा झाला. केळी, ताक, उकडलेली अंडी. वेळेत.

१०.२०. चौथ्या होलवर आरडाओरडा. डॉक्टरांचा चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या मधल्या पट्ट्याच्या, मधोमध, आणि क्लबच्या तांबड्या कुत्रीनं तो तोंडात धरून पळ काढला. तिचा काय दोष, कालच्या रात्रीपासून तिला या जागेतून कसला वास येतोय ते मला माहीत आहे. प्रतिस्पर्धी म्हणाले, हरवला चेंडू, दंड घ्या. मला बोलावलं. नियम ९.६: बाहेरच्या कशानं चेंडू हलवला तर दंड नाही, मूळ जागी ठेवायचा. तोच चेंडू सहज मिळत नसेल तर दुसरा ठेवायचा. मूळ जागा कुठली यावर पुन्हा वाद. एकूण बारा मिनिटं गेली आणि मागं तीन गट तुंबले. डॉक्टरांनी दुसरा चेंडू ठेवून पार मारला.

११.३५. मिस्ड कॉल एक. बापूंचं पंधरावं. ठरल्यापेक्षा पंचवीस मिनिटं उशीर, पण आज त्याचं मला काहीच नाही. मासा अजून बर्फातच आहे. मसाला लावला. कोकमाचं आगळ, हळद, मिरची, आलं-लसूण. हात लाल.

१२.०४. मिस्ड कॉल दोन. आक्कांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. पाचही तवे पेटले.

पहिल्या फेरीच्या सत्तर तुकड्या तेलात पडल्या तेव्हाचा आवाज सातव्या ग्रीनपर्यंत गेला असणार. तिथं एकानं दोन फुटांचा पट चुकवला आणि खापर वासावर फोडलं. तुकडीची कड आधी पांढरी होते, मग तो पांढरेपणा वर चढत मध्यापर्यंत येतो. मध्यावर गुलाबी रेघ उरली की उलटायचं. आचारी घड्याळ बघत होता, आक्का रेघ बघत होत्या. दोघं एकाच वेळी म्हणाले, 'उलटा.'

१२.२७. बापूंचा शेवटचा पट. पहिली ताटं लागलेली होती. बापू घामाघूम आले, पानातली तुकडी मोडली, वाफ निघाली. माझ्याकडं बघून म्हणाले, 'आज आम्ही लवकर आलो वाटतं.' मी 'हो' म्हटलं.

पंगतीत कॅडी पोरं सुरुवातीला कडेला उभी. मामा आधी बसले, मग ती बसली. एक बारकं पोरगं सोलकढी पाच वाट्या प्यालं. अण्णांनी वाटीतली चटणी कालवणात घातली, चाखली, आणि गुपचूप दुसरं ताट मागवलं. दुसऱ्या वाढपाच्या १२६ तुकड्या चौदा मिनिटांत संपल्या.

दोघांचे ३८-३८ गुण. शेवटच्या नऊ होलांत जास्त गुण कुणाचे यावर निकाल. गदा बँकेतल्या एका शांत माणसाला, ज्याचं नाव कुणाच्या भाकितात नव्हतं. त्यानं फेटा बांधून घेतला, गदा खांद्यावर घेतली, आणि फोटोत चेहरा असा केला की खासबागेत बाराजणांना चीत करून आलाय.

पाचव्या ग्रीनवर चार पट मारणारे: सव्वीसजण. मामांनी मोजले.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुणाचंही पोट बिघडल्याचा फोन नाही. डॉक्टरांना दोनदा विचारलं.

हिशेब. जेवणखात्यात ४,२०० रुपये तूट, ती जवळजवळ त्या एका क्रेटची. समितीला लेखी दिलं: पुढच्या वेळी माल भरताना आपला माणूस बंदरावर पाहिजे, थर्मामीटर घेऊन. भरणाऱ्याशी भांडण फोनवर चालू आहे, सुटेल असं वाटत नाही. सोलकढी ११ लिटर उरली होती. ती आज कॅडींना दिली. सोमवारी मैदान त्यांचं असतं, सभासदांच्या जुन्या गोल्फच्या काठ्या घेऊन खेळतात. पाचव्या ग्रीनवर पिन मामांनी हलवली नव्हती. कालच्या पाच वाट्यांवाल्यानं पायात चपला घालून दोन पटमध्ये होल काढलं.

संध्याकाळी आक्कांचे पैसे द्यायला बाजारात गेलो. त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा. मग म्हणाल्या, 'पुढल्या साली तारीख धरायच्या आदी मला इचारा. तुमच्या त्या आठजणांस्नी न्हाई जमायचं.'

थर्मामीटर धुतला. सेल काढून ठेवला.